सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर औषध संश्लेषणाच्या संशोधनात यावे का?

वसमतच्या एका सदस्येने विचारले आहे की, सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर वाळूजच्या एका औषध कंपनीच्या संशोधन विभागातून प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावणे आले आहे, मनात नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन पीएच.डी. करण्याची इच्छा आहे, आणि घरच्यांचा आग्रह मात्र बी.एड. करून शाळेत लागावे असा आहे. मी स्वतः परभणी जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून आलो, एम.एस्सी. मराठवाडा विद्यापीठात केली आणि त्यानंतर २६ वर्षे औषधांचे मूळ घटक, म्हणजे आम्ही ज्यांना एपीआय म्हणतो ते, तयार करण्याच्या पद्धती शोधण्यात घालवली. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माझे मत असे आहे की या क्षेत्रात जरूर यावे. मात्र हवे ते संयुग तयार करणे हे या कामाचे अर्धेच अंग आहे. त्याच्यासोबत आणखी काय काय तयार होते हे शोधणे हे दुसरे अर्धे, आणि संशोधक घडतो तो तिथे. नोकरी की पीएच.डी. हा प्रश्नही, हे दुसरे अर्धे तुम्हाला कुठे शिकायला मिळेल, एवढ्यावरच सोडवावा.

एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आपण एकाच टप्प्याची अभिक्रिया करतो, पदार्थाचा द्रवणांक जुळला की काम संपते. औषधाच्या संश्लेषणात आठ-दहा टप्पे सहज असतात. प्रत्येक टप्प्याची यील्ड, म्हणजे अपेक्षित पदार्थापैकी प्रत्यक्ष हाती येणारा भाग, ९० टक्के धरली तरी आठ टप्प्यांअखेर हाती सुमारे ४३ टक्केच उरतात, आणि ८० टक्के धरली तर १७ टक्क्यांच्याही खाली येतात. म्हणून एखादा टप्पा वाचवणे किंवा रेणूचे दोन भाग स्वतंत्रपणे बांधून शेवटी जोडणे यात रसायनज्ञाचे कसब लागते. पण यील्ड कमी आली तर कंपनीचे पैसे जातात. अशुद्धी निसटली तर ती रुग्णाच्या पोटात जाते. दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत घेतल्या जाणाऱ्या औषधात साधारणपणे ०.१० टक्क्याच्या वर असलेली प्रत्येक अशुद्धी नेमकी कोणती आहे, हे तिच्या संरचनेसह ओळखून द्यावे लागते. हजारात एक भाग असलेला पदार्थ वेगळा काढायचा, त्याची संरचना ठरवायची आणि तो का झाला हे सांगायचे, हे काम मला पीएच.डी.च्या कोणत्याही प्रकरणापेक्षा अवघड वाटत आले आहे.

माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे एका औषधाचा पाचव्या टप्प्यावरचा इंटरमिजिएट, म्हणजे वाटेतला मधला पदार्थ, होता. प्रयोगशाळेत शंभर ग्रॅमपर्यंत सगळे सुरळीत चालत होते. वर्क-अपनंतर, म्हणजे अभिक्रियेनंतरच्या धुण्या-गाळण्यानंतर, इथाइल ॲसिटेटमधले द्रावण रोटरी इव्हॅपोरेटरवर लावले की अर्ध्या तासात द्रावक निघून जाई. प्लांटमध्ये मोठ्या रिॲक्टरमधून तेच द्रावक काढायला ११ तास लागले, कारण भांडे मोठे होते तेव्हा आतल्या द्रावणाचे आकारमान ज्या प्रमाणात वाढते, त्या प्रमाणात उष्णता देणाऱ्या जॅकेटचा पृष्ठभाग वाढत नाही. प्रयोगशाळेत जेमतेम दिसणारी एक अशुद्धी त्या बॅचमध्ये ०.७ टक्क्यावर गेली आणि स्फटिकीकरणातही निघेना. मी आठवडाभर कच्च्या मालावर संशय घेत राहिलो. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सांगण्यावरून प्रयोगशाळेतलेच स्वच्छ द्रावण ५५ अंशांवर रात्रभर ठेवले, आणि सकाळी, मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर, त्या अशुद्धीचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, त्याच जागी उभा होता. एका रेणूचा अमाइन गट दुसऱ्या रेणूच्या एस्टर गटावर हल्ला करून जोडरेणू तयार करत होता. अर्ध्या तासात तो दिसण्याइतका होत नव्हता, ११ तासांत होत होता. उपाय सोपा निघाला: द्रावक पूर्ण काढायचाच नाही, द्रावण तसेच पुढच्या टप्प्यात न्यायचे. तेव्हापासून प्रत्येक टप्प्यावरचे द्रावण प्लांटमध्ये जितका वेळ थांबू शकेल त्याच्या दुप्पट वेळ गरम ठेवून पाहिल्याशिवाय मी एकही प्रक्रिया पुढे पाठवली नाही.

हीच गोष्ट जगाने फार मोठ्या प्रमाणावर २०१८ मध्ये पाहिली. रक्तदाबावरच्या व्हॅलसार्टन या औषधात टेट्राझोल नावाचे वलय असते, आणि ते सोडियम अझाइड वापरून बांधता येते. एका उत्पादकाने यील्ड वाढावी म्हणून पद्धत बदलली. नव्या पद्धतीत डायमिथाइल फॉर्मामाइड हा द्रावक होता आणि उरलेला अझाइड नष्ट करण्यासाठी आम्लात सोडियम नायट्राइट घातले जात होते. त्या द्रावकातून थोडे डायमिथाइलअमाइन सुटते, त्याला नायट्राइटपासून झालेले नायट्रस आम्ल भेटले की एनडीएमए हा पदार्थ तयार होतो, आणि तो कर्करोगकारक मानला जातो. त्यातला प्रत्येक धागा पाठ्यपुस्तकात आहे. अमाइनवर नायट्रस आम्लाची अभिक्रिया तुम्ही बी.एस्सी.लाच शिकलात. तरीही अनेक देशांतून औषध परत मागवावे लागले, कारण नेहमीच्या शुद्धता चाचणीत तो पदार्थ कोणी शोधतच नव्हते. त्याची मान्य मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. कागदावर अभिक्रिया लिहिल्यावर द्रावक, आम्ल, क्षार, उरलेला अभिकारक यांपैकी कोण कोणाला भेटेल हे स्वतःला विचारण्याची सवय आजपासूनच लावून घ्या.

आपल्याकडच्या विद्यापीठातून आलो म्हणून कमी पडू, अशी भीती तुमच्या प्रश्नात दिसते. साधनांची उणीव खरी आहे. पण मराठवाड्यातला उन्हाळा जे शिकवतो ते वातानुकूलित प्रयोगशाळेत शिकायला मिळत नाही. ईथर ३४.६ अंशांना उकळते. मे महिन्यात आमच्या विभागात त्याची बाटली उघडतानाच ते उसळायचे. शोधनिबंधात ‘खोलीच्या तापमानाला’ असे लिहिलेले असे, ते थंड देशातल्या खोलीचे तापमान आहे हे आम्हाला दोन-तीन अभिक्रिया बिघडल्यावर समजले. मग वहीत रोजचे तापमान लिहायची सवय लागली, आणि पुढे नोकरीत तीच वही कामाला आली. श्रावणातल्या दमट हवेत, ओलावा अजिबात न चालणारी ग्रिन्यार अभिक्रिया सुरू करताना मॅग्नेशियम किती वेळा निमूट पडून राहिले, हेही त्या वहीत आहे.

आता निर्णयाबद्दल. बोलावणे संशोधन विभागातून असेल तर रुजू व्हा, आणि दोन वर्षांनी पीएच.डी.ला जा. पदार्थ खरोखर कसा बनतो हे पाहून आलेला विद्यार्थी पीएच.डी.चा विषय नेमका निवडतो, असे मी अनेकदा पाहिले. पण पीएच.डी.ला नक्की जा; त्या पदवीविना वरिष्ठ पदापर्यंत पोहोचता येते, त्यापुढे स्वतःचा संशोधनविषय ठरवण्याचा अधिकार क्वचितच मिळतो. मी ३१ व्या वर्षी पीएच.डी.ला बसलो आणि पगार सोडून शिष्यवृत्तीवर घर चालवणे किती जड जाते ते जाणतो, म्हणून दोनाची पाच वर्षे होऊ देऊ नका. नेटचा अभ्यास पहिल्या महिन्यापासून चालू ठेवा. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, एवढ्यात एकट्या माणसाचे भागते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था या दोन्ही आपल्याला जवळ आहेत. नांदेडकडच्या मुलांना तर हैदराबाद पुण्यापेक्षा जवळचे. विषय निवडताना विकर-उत्प्रेरणाकडे, म्हणजे एन्झाइम वापरून अभिक्रिया घडवण्याकडे, अवश्य पाहा. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनमध्ये ऱ्होडियम उत्प्रेरक आणि उच्च दाबाच्या हायड्रोजनऐवजी घडवलेले विकर वापरता आले, तेव्हापासून या बाजूचे काम वाढतच आहे.

वडिलांशी बोलताना बी.एड.ला कमी लेखू नका. त्यांना निश्चित उत्पन्न हवे आहे आणि त्यांची काळजी रास्त आहे. दोन वर्षांची मुदत मागा आणि पहिल्या पगारातून काही घरी पाठवा.

रुजू होण्याआधी कंपनीला दोन गोष्टी विचारा. प्रयोगशाळेत पद्धत शोधणारा माणूस तिची पहिली बॅच चालते तेव्हा प्लांटमध्ये उभा असतो का, आणि फसलेल्या बॅचची वही नव्या मुलांना वाचायला मिळते का. दोन्हींना होकार मिळाला तर पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी जा. काम केवळ पाळीने रिॲक्टर चालवण्याचे आहे असे कळले, तर मात्र हे बोलावणे सोडून थेट नेटच्या तयारीला लागा.