गणपतीत गावच्या घरी आठ जण तीन पत्तीऐवजी पोकर खेळणार आहोत. माणशी २०० रुपयांत डाव कसा लावावा?

आठही जण तीन पत्तीत मुरलेले आणि जागा गुहागरकडच्या घराची पडवी, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पोकरचे नियम तासाभरात येतील, तीन पत्तीच्या सवयी जायला मात्र रात्र लागेल. भांडणं तिथेच होतात.

पहिला घोळ 'ब्लाइंड' या शब्दाचा. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. टेक्सास होल्डेममध्ये, म्हणजे पोकरच्या ज्या प्रकाराबद्दल इथे सांगतोय त्यात, पानं वाटण्याआधी दोघांनीच सक्तीने ठेवायचे पैसे म्हणजे ब्लाइंड. बटण, म्हणजे वाटणाऱ्याची खूण, ज्याच्यापुढे असेल त्याच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड ठेवतो, त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड. बाकीच्यांना बूट, म्हणजे डावाआधीचे पैसे, नाही. प्रत्येक डावानंतर बटण एक घर डावीकडे सरकतं. माणशी दोन पानं, मग मधोमध सगळ्यांसाठी उघडी पानं: फ्लॉपची तीन, टर्नचं एक, रिव्हरचं एक. या तिन्ही वेळी आधी वरचं एक पान उपडं बाजूला टाकायचं. पहिली बोली बिग ब्लाइंडच्या डावीकडून, फ्लॉपनंतरच्या बोल्या बटणाच्या डावीकडून.

दुसरा घोळ हातांच्या, म्हणजे पानांच्या जुळणीच्या, क्रमाचा. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीतली पानं) कलरच्या (एकाच चिन्हाची पानं) वर आणि ट्रेल (तीन सारखी) सगळ्यांच्या वर. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो आणि तीन सारखी पानं या दोघांच्याही खाली जातात. हे मनमानी नाही. तीन पानांचे २२,१०० हात होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांच्या २५,९८,९६० हातांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. या दोघांत जे दुर्मीळ ते वर, एवढाच हिशोब. एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी हा इथे सर्वांत लहान सिक्वेन्स. इस्पिक, बदाम सगळे सारखे. हात बरोबरीत सुटला तर पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, वाटून घ्यायचा. खालून वर क्रम असा: सुटं मोठं पान, जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), चार सारखी, प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा). पुठ्ठ्यावर लिहून मधोमध ठेवा.

तिसरी सवय सर्वांत चिवट: "तुझे सहा... आणि वर दहा!" हे चालत नाही. 'तुझे सहा' म्हटलं की कॉल झाला, म्हणजे तुम्ही फक्त बरोबरी केली. वाढवायचं असेल तर आकडा एकदम सांगायचा, आणि वाढ निदान आधीच्या वाढीएवढी हवी. दोनावर कुणी सहा केले म्हणजे वाढ चाराची. पुढच्याने किमान दहा करायचे. डाव चालू असताना खिशात हात घालायचा नाही. समोर आहे तेवढंच पणाला. कमी पडलं तर ऑल-इन, म्हणजे समोरचं सगळं लावायचं, आणि वरच्या पैशांचा वेगळा साइड पॉट. एकाचे ४० संपले, दोघांनी शंभर-शंभर लावले, तर मुख्य पॉट १२० चा, त्यावर तिघांचा हक्क. उरलेले १२० फक्त त्या दोघांत.

ब्लाइंड १ आणि २ रुपये ठेवा, म्हणजे २०० रुपयांत शंभर बिग ब्लाइंड येतात. माणशी चकत्या (पैशांऐवजी वापरायच्या चिप्स): एकच्या १५, पाचच्या ९, वीसच्या ७. आठ जणांना १२०, ७२ आणि ५६ लागतील, पुन्हा घेणाऱ्यांसाठी वीसच्या आणखी तीसेक. चकत्यांची पेटी घेताना एकूण आकडा नको, रंगवार आकडा बघा. चिंचोक्यांवर भागवू नका. चिंच अंगणातच असते!

बँक एकाकडेच. पैसे हातात पडल्याशिवाय चकत्या नाहीत, आणि दिल्या की लगेच वहीत नोंद. आठ जणांचे १,६०० आणि तिघांनी पुन्हा घेतले ६००, तर शेवटी चकत्या २,२०० च्याच भरायला हव्यात. कमी भरल्या तर आधी सतरंजीखाली बघा. जास्त भरल्या तर एखादी नोंद राहिली असणार. उठायची वेळही आधीच ठरवा, नाहीतर हरणारा उठू देत नाही.

जुगारबंदीचा १८८७ चा कायदा महाराष्ट्रात आजही आहे. जागा चालवून नफा कमावणं आणि सार्वजनिक जागी जुगार खेळणं यांवर त्याचा मुख्य रोख आहे. तेव्हा पॉटमधून घरधन्याची कापणी नको, चहाचेही पैसे नकोत, आणि मंडपात तर बसूच नका. एवढ्याने सगळं कायदेशीर होतं असं मात्र समजू नका. पैसे न लावता नुसत्या चकत्यांवर खेळणं सर्वांत निर्धास्त.

आता भाद्रपदातली हवा. कागदी पत्ते दोन तासांत फुगतात, चिकटतात, आणि वाटताना एकाऐवजी दोन जातात. संपूर्ण प्लास्टिकचे दोन कॅट घ्या, पाठीचे रंग वेगळे. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार. सतरंजीवर सुती चादर ताणून घाला, गुळगुळीत लादीवरून पान नखाने उचलताना वाकतं आणि मग ओळखू येतं. पंखा थेट डोक्यावर नको. वीज जाणारच, म्हणून चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवा; अंधार झाला तर सगळ्यांनी पानं उपडी ठेवून हात वर घ्यायचे. कोंबडी-वडे डावाआधी किंवा नंतर. सोलकढीचा पेला चादरीवर नकोच. तेलकट झालेली पानं ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.