उंबराचं फूल आणि ५० फॅक्ट्स

चि. रीलवाल्यास,
अ. उ. आशीर्वाद.

समोरच्या बिल्डिंगमध्ये राहून तू अगदी उंबराचं फूल झालायस, महिनोन्‌महिने दर्शन नाही, आणि उगवलास तो रात्री साडेअकराला मेसेजमध्ये, "मॅडम सायन्सचे ५० भन्नाट फॅक्ट्स पाठवा ना, रील्स सुरू करतोय". ५० मिळणार नाहीत. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, केळं शास्त्राप्रमाणे बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी नाही, शुक्राला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती २२५, हे सगळं खरंय पण हे तुला कुठल्याही फॉरवर्डमध्ये मिळेल, त्यासाठी रिटायर्ड बाईची झोप कशाला मोडायची.

त्यापेक्षा आधी माझा एक गुन्हा ऐक. मी बरीच वर्षं पोरांना फळ्यावर जिभेचा नकाशा काढून शिकवलाय. टोकाला गोड, कडेला खारट-आंबट, मागे कडू, चार रंगांचे खडू वापरून. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका पोराने डब्यातली कैरीची फोड जिभेच्या टोकाला लावली आणि म्हणाला, "मॅडम, इथे पण आंबट लागतंय." मी काय केलं असेल? पुस्तकात बघ म्हटलं आणि खाली बसवलं. अख्ख्या वर्गात त्या दिवशी सायन्स करणारा तो एकटाच होता आणि मी त्यालाच गप्प केलं. फार नंतर वाचनात आलं की १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने एवढंच दाखवलेलं की जिभेच्या वेगवेगळ्या भागांत चव कळण्यात किंचित फरक असतो, मग १९४२ मध्ये बोरिंग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते आपल्या पुस्तकात आलेख काढून मांडलं, तो बघून लोकांना वाटलं जिथे चव कमी तिथे ती नाहीच, आणि तिथून तो नकाशा जगभरच्या फळ्यांवर गेला. माझ्याही.

म्हणून तुला एकच सांगते, "काय सांगता!" झाल्यावर लगेच "पण हे कळलं कसं?" विचारायचं. उत्तर सापडलं तर रील कर, नाही सापडलं तर तो फॅक्ट ठेव बाजूला, घाई काय आहे.

पाण्यात हात जास्त वेळ राहिला की बोटं सुरकुततात ना, भांडी घासताना, पोहताना. विचार कोणालाही, म्हणतील कातडी पाणी पिऊन फुगते, मलाही तसंच वाटायचं. पण डॉक्टरांना १९३० च्या दशकातच दिसलेलं की ज्या बोटाची नस, म्हणजे मज्जातंतू, तुटलीय ते बोट कितीही भिजवलं तरी गुळगुळीतच राहतं. म्हणजे हे नुसतं भिजणं नव्हे, नसांच्या हुकमाने आतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वरची कातडी आत ओढली जाते. गंमत म्हणजे लहान मुलाच्या बोटाला खोल जखम झाली की त्याला "इथे कळतंय का रे" विचारून उपयोग नसतो, ते नुसतं रडतं, तेव्हा नस शाबूत आहे का हे कळायला बोट पाण्यात बुडवून सुरकुत्या येतात का बघायची युक्तीही वापरतात. आता सांग, "पाण्यात बोटं का सुरकुततात" या एका ओळीत हे कुठे मावणार?

आणि तुझी पहिली रील बघितली मी, "तुमच्या शरीरात पेशींच्या दहा पट बॅक्टेरिया आहेत", मागे ते भयानक म्युझिक. तुझी चूक नाही तशी, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही वर्षानुवर्षं तोच आकडा लिहिलाय. मूळ मात्र १९७२ च्या एका लेखातला ढोबळ अंदाज, कागदावर केलेला गुणाकार. २०१६ मध्ये तिघांनी बसून तो हिशोब पुन्हा केला तर बॅक्टेरिया साधारण ३८ लाख कोटी आणि आपल्या पेशी ३० लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीच, आणि त्या पेशींतही बहुतेक नुसत्या रक्तातल्या तांबड्या पेशी. ती रील काढ बाबा.

लोणारचं आठवतंय? जून २०२०, सगळे घरात कोंडलेले आणि सरोवराचं पाणी एकदम गुलाबी, मग काय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उल्का, कलियुग, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही लोकांनी. ते पाणी तपासलं आपल्या पुण्यातल्या आघारकर संस्थेत. (आगरकर रोडवर आघारकर संस्था, दोन वेगळी माणसं बरं का, रस्ता गोपाळ गणेशांचा आणि संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तमांची, जन्म पुण्यात गेलेले लोक पण घोळ घालतात.) पाणी नुसतं स्थिर ठेवलं तर काही दिवसांत गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा होता. इतकं साधं, आमटी निवळावी तसं!

आता उंबराचं. फूल दिसत नाही म्हणून आपण म्हण करून ठेवली, पण ज्याला आपण फळ म्हणतो ती बंद पिशवी असते आणि शेकडो फुलं आत असतात. तिळाएवढी एक माशी, म्हणजे खरं तर गांधीलमाशीची चुलत बहीण, टोकाच्या भोकातून आत घुसते, ते इतकं अरुंद की बहुतेकदा पंख तिथेच तुटतात, मग परत यायचा प्रश्नच नाही, अंडी घालते, बाहेरून आणलेले परागकण फुलांना देते आणि आतच मरते. पिल्लांत नर आधी निघतात, बिनपंखांचे, ते माद्यांना फळवतात, बाहेर जायचा बोगदा पाडतात आणि संपतात, माद्या पराग घेऊन उडतात. हे कळलं कसं? फोडून बघितलं म्हणून. शिवाय कॅलिफोर्नियात १८८० च्या सुमारास तुर्कस्तानची स्मर्ना अंजिरं लावलेली, झाडं जोमात पण फळं कच्चीच गळायची, १८९९ मध्ये अंजिराची माशी तिथे नेऊन वसवली तेव्हा कुठे पिकायला लागली. आणि लगेच "अंजिरात मेलेली माशी असते" अशी रील करायला धावू नकोस, आपलं पुरंदरचं अंजीर माशीशिवायच पिकतं, सासवडचे लोक मारतील तुला.

रविवारी सकाळी सातला खाली ये, आपल्या मागच्या उंबराखाली सडा पडलाय. पूर्ण लाल झालेली नको घेऊस, त्यातल्या माश्या बहुतेक उडून गेलेल्या असतात, जरा हिरवट-गुलाबी बघ आणि झाडावरची चार-पाच तोड. सुरी मी आणते, भिंग तुझं. मोबाईल आणलास तरी चालेल पण आधी फोडायचं, मग शूटिंग.

तुझी,
मॅडम