राज्यांच्या कडक कायद्यांची बाजू मांडताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अवैध स्थलांतराविरुद्ध अमेरिकेतील राज्यांनी केलेल्या कडक कायद्यांची बाजू विद्यापीठाच्या वादसभेत मांडण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, आणि माझे मत त्या कायद्यांच्या विरोधात आहे हे ठाऊक असूनही तू माझा सल्ला मागितलास, याचा मला मनापासून आनंद झाला. ही बाजू दुबळी आहे असे समजून तयारीला लागू नकोस.

आरंभ ॲरिझोनापासून कर. १९९०च्या दशकात संघीय सरकारने एल पासो आणि सॅन दिएगोजवळच्या सीमेवर बंदोबस्त वाढवला आणि सीमा ओलांडणाऱ्यांचा ओघ ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळला. म्हणजे त्या राज्यावर आलेला भार बऱ्याच अंशी संघीय धोरणाचाच परिणाम होता. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर निकालामुळे कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत मोफत शिक्षण देणे राज्यांना भाग आहे. त्या शाळांचा खर्च मुख्यतः राज्यातील आणि गावातील करदात्यांनी उचलायचा, परंतु देशात कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र वॉशिंग्टनचा, ही विसंगती तुझ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. तो नीट मांडलास तर प्रतिपक्षाला केवळ करुणेच्या भाषेत उत्तर देता येणार नाही.

यानंतर कायद्याचे मूळ कलम वाच, त्यावरचे अग्रलेख नंतर. ॲरिझोनाच्या ‘एसबी १०७०’ या अवैध स्थलांतरविरोधी कायद्यावर गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी एप्रिल २०१० मध्ये स्वाक्षरी केली आणि आठवड्याभरातच त्यात दुरुस्ती करावी लागली. पोलिसांनी अन्य कारणासाठी कायदेशीरपणे थांबवलेल्या किंवा अटक केलेल्या व्यक्तीबद्दल वाजवी संशय असेल, तरच तिच्या वास्तव्याची चौकशी करायची, असे दुरुस्तीनंतर स्पष्ट झाले. ‘रस्त्यावर कोणालाही अडवण्याची मुभा’ असे त्याचे वर्णन कोणी केले, तर ही दुरुस्ती पुढे कर.

जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच चौकशीचे कलम तूर्त कायम ठेवले. कागदपत्रे जवळ न बाळगणे किंवा परवान्याविना काम शोधणे हा राज्याचा गुन्हा ठरवणारी कलमे आणि वॉरंटाविना अटकेचे कलम मात्र रद्द झाले. न्यायमूर्ती केनेडी यांनी बहुमताच्या निकालात ॲरिझोनाची नाराजी समजण्याजोगी असल्याचे मान्य केले आहे. न्यायमूर्ती स्कॅलिया यांचे भिन्नमत तुझ्या विशेष उपयोगाचे आहे. राज्यांचे सार्वभौमत्व त्यात जोरकसपणे मांडले आहे.

माझा विरोध कोठे आहे, हेही सांगतो, कारण प्रश्न तेथूनच येतील. वास्तव्य वैध की अवैध हे रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला ठरवता येईल इतके सरळ नसते. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली तरी मुक्काम वैध असू शकतो, हे तेथे शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलांना चांगले माहीत आहे. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्या माणसाची स्थिती तर त्याहून गुंतागुंतीची. अलाबामाने २०११ मध्ये शाळांनाच विद्यार्थ्यांच्या वास्तव्याची माहिती गोळा करायला लावली, तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे नागरिक असलेल्या मुलांच्या घरांतही भीती शिरली. या मुलांबद्दल विचारले गेले तर उत्तर टाळू नकोस. तो भाग मी तरी समर्थनीय मानत नाही, आणि तुलाही तो सोडून उरलेल्या कायद्याचे समर्थन करता येईल.

‘आम्ही रांगेत उभे राहून आलो’ हे ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या आपल्या लोकांचे म्हणणे खरे आहे आणि त्यामागचे दुःखही खरे आहे. तरी ती रांग संघीय कायद्याने लांबवली आहे. राज्याच्या कायद्याने ती एका दिवसानेही कमी होत नाही. म्हणून तो मुद्दा भाषणात घेऊ नकोस.

शेवटी टेक्ससकडे वळ. तेथील डिसेंबर २०२३ च्या कायद्याने अवैधपणे आलेल्यांना देशाबाहेर परत पाठवण्याचा आदेश देण्याचा अधिकार राज्याच्या न्यायाधीशांना दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये संघीय न्यायाधीशांनी २०१२ च्याच निकालाचा आधार घेऊन त्याला स्थगिती दिली. ॲरिझोनाने चौकशी मागितली होती, टेक्ससने हद्दपारीचा अधिकार मागितला. तुझे समर्थन या दोहोंपैकी कोठपर्यंत जाते, हे मसुद्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिही आणि मला पाठव.

तुझा,
काका