गायरोबॉल टाकूलालोय, पण वळेना!

प्रश्न : सर, मी खानापूरचा, पीयूसी सेकंड इयरला (बारावीला) आहे. गावात ऑफस्पिन टाकायचो, आता कॉलेजच्या बेसबॉल टीमात पिचर (बॉल फेकणारा) म्हणून घेतलंय. जपानचा गायरोबॉल हवेत लई वळतो असं यूट्यूबवर बघितलं, तेव्हापासनं तोच ट्राय करूलालोय पण बॉल काय वळेना. कुठं चुकूलालंय?

उत्तर : अरे, वळेना म्हणजे कदाचित बरोबरच पडत असेल की! हिमेनो आणि तेझुका या जपानी जोडीने कॉम्प्युटरवर हिशेब मांडून हा बॉल लोकांपुढे आणला, आणि 2007 मध्ये मात्सुझाका हा जपानी पिचर अमेरिकेच्या बोस्टन रेड सॉक्स टीमकडून खेळायला लागला तेव्हा पेपरवाल्यांनी त्याची पार जादूच करून टाकली. खरं बघितलं तर यात बॉल बंदुकीच्या गोळीसारखा फिरतो, फिरण्याचा आस थेट बॅटरकडे. तसा फिरला की हवा त्याला ना वर उचलते ना बाजूला ढकलते. साध्या फास्टबॉलला उलट्या फिरकीमुळे थोडी उचल मिळते, याला ती नाही म्हणून हा जास्त खाली येतो आणि बॅट वरून जाते, एवढाच काय तो फायदा.

आता गंमत बघ, तुझा ऑफब्रेक जवळजवळ असाच फिरतो, पण तो वळतो टप्पा पडल्यावर, माती पकडून. इथं टप्पाच नाही रे! पण फिरकी तशीच, म्हणून तर्जनीने बॉलच्या बाजूवरून खाली ओढायची तुझी सवय कामाची आहे, पण सरळ हाताची बॉलिंग विसर, कोपर वाकवून फेकायला शीक. पिचरपासून बॅटरपर्यंतचं अंतर 60 फूट 6 इंच, म्हणजे आपल्या 22 यार्डांपेक्षा साडेपाच फूट कमीच.

चेक करायचं तर पांढऱ्या बॉलवर मार्करने एक ठळक ठिपका काढ, पकडताना तो मागे तुझ्याकडे ठेव आणि मित्राला मागनं स्लो मोशनमध्ये शूट करायला सांग. ठिपका मधेच स्थिर दिसला तर जमलं, गोल गोल फिरायला लागला तर आस तिरका आहे. हे पावसात करू नको बाबा, आपल्याकडच्या लाल चिखलात बॉल एकदा भिजला की ग्रिपच राहत नाही.

माझं मत विचारशील तर आधी फास्टबॉल कंट्रोलमध्ये आण, तो नसेल तर हा नुसता हळू पडणारा बॉल आहे, कोणीपण हाणेल. आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्या दिवशी बंद, बाम चोळून परत टाकायचं नाही.