वाचकांचे प्रश्न : पॅच लावण्याआधी कार्डाचा स्लॉट बदलून पाहावा

प्रश्न : माझ्या घरच्या संगणकात रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आहे. पहिल्या स्लॉटमधल्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर लिनक्स चालते. दुसऱ्या स्लॉटमध्ये नवे, जास्त ताकदीचे कार्ड बसवले असून ते मला विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनला द्यायचे आहे. मशीन सुरू करताच ‘हा गट वापरण्याजोगा नाही, गटातील सर्व उपकरणे व्हीएफआयओ ड्रायव्हरला जोडा’ अशा अर्थाचा संदेश येतो. एसीएस ओव्हरराइड पॅच लावलेले कर्नल वापर, असे एका मित्राने सुचवले आहे. हा पॅच नेमके काय करतो आणि तो वापरणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या संगणकाला या पॅचची, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोडमध्ये केलेल्या या बदलाची, बहुधा गरजच नाही. दोन्ही कार्डांची अदलाबदल केली तर आपले काम नेहमीच्या कर्नलवरही होईल, असे आपण दिलेल्या माहितीवरून वाटते. मात्र तसे का वाटते हे समजण्यासाठी तो ‘गट’ म्हणजे काय, हे आधी पाहावे लागेल.

ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहू-वाचू शकते. यालाच डीएमए म्हणतात. कार्ड व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात दिले की त्याला त्या मशीनचेच पत्ते माहीत असतात, खऱ्या मेमरीचे नाहीत. या पत्त्यांचे खऱ्या पत्त्यांत रूपांतर करणे आणि कार्डाला नेमून दिलेल्या मेमरीबाहेर जाऊ न देणे, ही दोन्ही कामे आयओएमएमयू हा हार्डवेअरचा भाग करतो. परंतु कार्डाकडून निघालेली प्रत्येक विनंती त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. वाटेतल्या पीसीआय एक्सप्रेस स्विचला जर त्या विनंतीतला पत्ता आपल्याच खाली जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणाचा वाटला, तर तो ती विनंती वर न पाठवता परस्पर त्या उपकरणाकडे वळवू शकतो. असे परस्पर वळवणे रोखण्याची जी सोय पीसीआय एक्सप्रेसमध्ये आहे, तिचे नाव एसीएस. ज्या पोर्टवर ही सोय नाही, त्याखालची उपकरणे एकमेकांपासून वेगळी आहेत याची खात्री कर्नलला देता येत नाही, म्हणून ते त्यांना एकाच गटात टाकते. आणि गट फोडून त्यातले एकच उपकरण मशीनला देऊ देत नाही.

आपल्या मदरबोर्डावरचा पहिला स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, तर दुसरा बी४५० चिपसेटमार्फत. ‘सिस’ फाइलव्यवस्थेतल्या ‘कर्नल’ फोल्डरखाली ‘आयओएमएमयू ग्रुप्स’ हे फोल्डर उघडून पाहिले, तर आपल्या नव्या कार्डाच्या गटात त्याच्या एचडीएमआय ध्वनीच्या भागाशिवाय डिस्क सांभाळणारा साटा कंट्रोलर, यूएसबी कंट्रोलर आणि नेटवर्क कार्डही बसलेले दिसेल. संदेशात सांगितल्याप्रमाणे हा सगळा गट व्हीएफआयओला, म्हणजे उपकरण लिनक्सकडून काढून व्हर्च्युअल मशीनला देणाऱ्या ड्रायव्हरला, जोडण्याचा मोह होतो. मी एकदा तसे केले आहे. ज्या डिस्कवरून लिनक्स चालू होते, तिचाच कंट्रोलर त्या गटात होता. पडद्यावरचे घड्याळ जिथल्या तिथे थांबले आणि बटण दाबून संगणक बंद करण्यावाचून मार्ग उरला नाही. आपण तसे मुळीच करू नये.

हे टाळण्यासाठी व्हीएफआयओचे निर्वाहक, तेव्हा रेड हॅटमध्ये असलेले अ‍ॅलेक्स विल्यमसन यांनी २०१३ मध्ये एसीएस ओव्हरराइड पॅच मांडला. व्हीएफआयओ स्वतः त्याआधी, २०१२ मध्ये, ३.६ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आले होते. हा पॅच मात्र मुख्य कर्नलमध्ये कधीच घेतला गेला नाही, आणि माझ्या मते तो नाकारला गेला हे योग्यच झाले. कारण हा पॅच उपकरणांना वेगळे करत नाही. ती वेगळी आहेत असे कर्नलला मानायला लावतो. स्विच पूर्वी जसा विनंत्या परस्पर वळवत होता तसाच पुढेही वळवू शकतो, फक्त कर्नल त्याबद्दल आता हरकत घेत नाही. व्हर्च्युअल मशीनमधला एखादा पत्ता योगायोगाने साटा कंट्रोलरच्या खऱ्या पत्त्याशी जुळला, तर चित्रासाठी निघालेली विनंती त्या कंट्रोलरवर जाऊन आदळू शकते आणि डिस्कवरची माहिती बिघडू शकते. त्यासाठी कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. बहुतेक घरगुती संगणकांवर असे घडत नाही आणि लोक वर्षानुवर्षे हा पॅच वापरतात, हेही खरे; पण घडत नाही आणि घडू शकत नाही यांतला फरक ध्यानात ठेवूनच निर्णय घ्यावा.

म्हणून आधी नवे कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये आणि जुने दुसऱ्यात बसवून गट पुन्हा तपासावेत. पहिल्या स्लॉटचा गट अशा बोर्डांवर सहसा स्वतंत्र असतो. याचा आणखी एक मोठा फायदा असा की बी४५० चिपसेटकडून मिळणाऱ्या मार्गिका (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) पीसीआय एक्सप्रेस २.० च्या असतात आणि दुसऱ्या स्लॉटला त्यांतल्या चारच मिळतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २ गिगाबाइट. पहिल्या स्लॉटमध्ये ३.० च्या सोळा मार्गिका, म्हणजे सुमारे १६ गिगाबाइट मिळतात. ताकदीचे कार्ड आज अरुंद वाटेवर बसले आहे. लिनक्सच्या रोजच्या पडद्याला मात्र ती वाट पुरेशी आहे.

अदलाबदलीत एक अडचण येते, ती आधीच सांगतो. बायोसमध्ये पहिला पडदा कोणत्या स्लॉटचा हे निवडण्याची सोय नसेल, तर संगणक सुरू होताना नवे कार्ड वापरले जाईल आणि लिनक्सही त्यावर हक्क सांगेल. अशा वेळी कार्डाचे आणि त्याच्या ध्वनीच्या भागाचे क्रमांक व्हीएफआयओला बूटच्या सुरुवातीलाच द्यावेत. काही कार्डांना मशीनच्या मांडणीत त्यांच्या स्वतःच्या बायोसची रॉम फाइलही वेगळी पुरवावी लागते. यात एखादी संध्याकाळ जाईल, पण त्यानंतर कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पॅचची काळजी वाहावी लागणार नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रॉक्समॉक्सवर दोन ग्राफिक्स कार्डे दोन वेगवेगळ्या विद्यार्थी गटांच्या मशीनना दिली आहेत. त्यासाठी वेगळे कर्नल बसवावे लागले नाही, बूटच्या ओळीत ओव्हरराइडचा पॅरामीटर लिहिल्यावर काम झाले. हे असेच ठेवावे का?
— एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या कर्नलमध्ये हा पॅच आधीपासूनच समाविष्ट आहे, म्हणून आपल्याला तो लावल्याचे जाणवलेही नाही. वरच्या उत्तरात घरच्या संगणकाचा, म्हणजे एकाच माणसाच्या माहितीचा प्रश्न होता. स्वतःच्या डिस्कचा धोका स्वतः पत्करणे ज्याच्या-त्याच्या विचारावर सोडता येते. आपल्याकडे मात्र दोन गट एकमेकांना न ओळखता एकाच यंत्रावर काम करतात आणि दोघांनाही आपापल्या मशीनमध्ये पूर्ण अधिकार असतात. तेथे कर्नलने दिलेली वेगळेपणाची हमी खोटी असणे मला मान्य होणार नाही. विद्यार्थ्यांनी काही वावगे करावे लागेल असेही नाही. एकाचा प्रयोग चुकला आणि दुसऱ्याचे सहामाहीचे काम बिघडले, तर कारण शोधायलाही जागा राहणार नाही.

आपण पॅरामीटर काढून गट तपासावेत. दोन्ही कार्डे पोर्टवर एसीएस असलेल्या स्लॉटमध्ये बसत असतील तर प्रश्न मिटला. बसत नसतील तर पूर्ण गट एकाच मशीनला द्यावा, किंवा दुसरे कार्ड वेगळ्या संगणकात हलवावे.

प्रश्न : माझ्या बोर्डावर एकच लांब स्लॉट आहे आणि गट कसेही केले तरी फुटत नाही, त्यामुळे डेबियनवर मी स्वतः कर्नल पॅच करून वापरतो. मागच्या वेळी नव्या आवृत्तीवर पॅच अर्धवट लागला आणि संगणक सुरूच झाला नाही. सोपा मार्ग कोणता?
— एक वाचक, पणजी

उत्तर : डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांच्या नेहमीच्या कर्नलमध्ये हा पॅच नसतो, आर्चच्या अधिकृत भांडारातल्या झेन कर्नलमध्ये असतो, त्यामुळे वितरण बदलण्याची तयारी असेल तर तो सर्वांत कमी कष्टाचा मार्ग आहे. डेबियनवरच राहायचे असेल तर दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीला चिकटून राहावे. हा पॅच मुख्यतः पीसीआय विभागातल्या ‘क्वर्क्स’ नावाच्या एकाच फाइलला हात लावतो, आणि एकाच मालिकेतल्या लहान सुधारणांमध्ये त्या फाइलचे पॅचला लागणारे भाग सहसा हलत नाहीत. पॅच खरोखर लावण्याआधी तो ‘ड्राय रन’ करून, म्हणजे फाइल न बदलता नुसती चाचणी घेऊन, पाहावा. एक तुकडा जरी नाकारला गेला तरी पुढे जाऊ नये. सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतः बांधलेले कर्नल सही केल्याशिवाय सुरू होणार नाही, तेव्हा आपला संगणक न सुरू होण्याचे कारण कदाचित पॅच नसून हेही असू शकेल. डेबियनचे मूळ कर्नल बूटच्या यादीत कायम ठेवावे.

पॅरामीटरमध्ये ‘डाउनस्ट्रीम’ आणि ‘मल्टिफंक्शन’ हे दोन्ही शब्द सरसकट लिहिण्याची सवय पडली आहे. त्यातून संगणकातले सगळेच पोर्ट विश्वासू ठरवले जातात. त्याऐवजी ‘आयडी’ हा प्रकार वापरून ज्या पोर्टमुळे गट अडतो, त्याचाच निर्माता क्रमांक आणि उपकरण क्रमांक द्यावा, म्हणजे सूट तेवढ्यापुरतीच राहील.

प्रश्न : विंडोजमध्ये एनव्हिडियाच्या कार्डावर कोड ४३ येतो. त्यासाठीही पॅच केलेले कर्नल लागते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. या चुकीचा आयओएमएमयूच्या गटांशी संबंध नाही. एनव्हिडियाचा जुना ड्रायव्हर आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून जीफोर्स कार्ड चालवण्यास नकार देत असे. २०२१ मध्ये आलेल्या ४६५ मालिकेपासून कंपनीने विंडोज मशीनमध्ये जीफोर्सच्या पासथ्रूला, म्हणजे कार्ड थेट मशीनला देण्याला, परवानगी दिली. मशीनमध्ये ड्रायव्हर अद्ययावत करावा, आणि तरीही चूक राहिली तर कार्डाची रॉम फाइल पुरवून पाहावी.