बाई, इंग्लंडच्या वर्गात शिरण्याआधी

तुमचा प्रश्न असा: बी.एस्सी., बी.एड., सातारा जिल्ह्यात आठवी ते दहावीच्या सेमी-इंग्रजी वर्गांना बारा वर्षं गणित. आता इंग्लंडला शिकवायला यायचंय. कागदपत्रं काय लागतात, आणि तिथली मुलं आपल्यासारखीच जीव लावतात का?

कागदांचं आधी उरकू. तिथली शिक्षकाची मान्यता म्हणजे क्यूटीएस (क्वालिफाइड टीचर स्टेटस). भारतात बी.एड. झालेल्यांना २०२३ पासून थेट अर्ज करता येतो, पण ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायला पात्र असलेल्यांनाच. तुम्ही त्यात बसता. अर्जाला फी नाही. ‘मी करून देतो’ म्हणत लाखभर मागणाऱ्या एजंटाला चहा पाजा आणि वाटेला लावा. गाडी अडते ती दोन ठिकाणी. बी.एड.च्या कागदांवर विषय आणि वयोगट स्पष्ट नसेल तर विद्यापीठाचं पत्र लागतं, आणि त्याला किती हेलपाटे पडतात ते तुम्हाला सांगायला नको. दुसरं, अनुभवाची पडताळणी शाळेला ई-मेल करून होते. शाळेचा अधिकृत पत्ता नसेल किंवा तो कुणी उघडतच नसेल, तर अर्ज तसाच पडून राहतो. मुख्याध्यापकांना आणि क्लार्कना आधीच कल्पना देऊन ठेवा.

व्हिसासाठी शाळेचं प्रायोजकत्व, मान्यताप्राप्त केंद्रातली टीबी तपासणी आणि पोलिसांचा दाखला लागतो. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, माणशी वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. नवरा-बायको, तीन वर्षं: ६,२१० पौंड. व्हिसाची फी वेगळी. वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि तिथल्या शिक्षकांना ऑगस्टअखेर नोकरी सोडायची तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. म्हणून जाहिरातींचा हंगाम फेब्रुवारी ते मे.

आता वर्ग. ‘थ्री इंटू फोर’ म्हणजे आपल्याकडे बारा. तिथे ‘थ्री इंटू ट्वेल्व्ह’ म्हणजे बाराला तीनने भागायचं! गुणाकाराला ‘टाइम्स’ म्हणा, ‘अपॉन’च्या जागी ‘ओव्हर’, आणि ‘डाउट’ऐवजी ‘क्वेश्चन’. पहिल्या आठवड्यात मुलं गोंधळतात ती बहुतेक याच शब्दांमुळे, तुमच्या उच्चारांमुळे नव्हे. ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘होऽऽ बाई’ करतो, ते सुख तिथे नाही. प्रत्येकाकडे छोटी पांढरी पाटी असते. उत्तर लिहून सगळ्यांनी एकदम वर धरायचं. कोणाला येत नाही ते दहा सेकंदांत कळतं. खरं सांगायचं तर आपल्या ‘होऽऽ’पेक्षा हे बरं.

दहावीला आपल्याकडे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर. तिथे जीसीएसईला, म्हणजे तिथल्या दहावीला, सहसा ८० गुणांचे तीन, प्रत्येकी दीड तास, आणि त्यातल्या एका पेपरला, बहुधा पहिल्याच, कॅल्क्युलेटर नाही. प्रमेयाची सिद्धता पाठ करून घेण्याची सवय फारशी कामी येत नाही. लांबलचक शाब्दिक उदाहरणांतून समीकरण मांडता येणं महत्त्वाचं.

शिस्तीत मार तर आपल्याकडेही २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, पण लाडाने ‘गाढवा’ म्हणणं किंवा पाठीवर थाप देणं आपल्या हाडीमाशी असतं. तिथे दोन्ही सोडा. ताकीद द्यायची, मग संगणकावर नोंद, मग डिटेन्शन, म्हणजे शिक्षा म्हणून शाळेत थांबवून ठेवणं. त्याला पालकांची संमती लागत नाही.

सगळ्यात अवघड हे. आपल्याकडे मूल मधल्या सुट्टीत येऊन घरचं रडगाणं सांगतं आणि ‘बाई, कुणाला सांगू नका’ म्हणतं. आपण पोटात ठेवतो. तिथे तसं वचन द्यायचंच नाही. ‘तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला सांगावं लागेल’ हे आधीच शांतपणे म्हणायचं. मग ऐकून घ्यायचं, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी शाळेतल्या बालसुरक्षा प्रमुखाला कळवायचं. मायेपोटी गप्प राहिलेल्या शिक्षकाची नोकरीही जाऊ शकते.

जीव लावतात का? लावतात, फक्त खुणा वेगळ्या. पाया पडणं नाही, ५ सप्टेंबरला गुलाब नाही. तास संपल्यावर दारातून जाताना ‘थँक्यू, मिस’ म्हणणं ही तिथली मोठी पावती. नाताळला आणि जुलैत कार्डं, चॉकलेटं येतात. महागडी भेट आली तर शाळेत नोंदवा. अकरावं वर्ष (‘इयर इलेव्हन’, आपली दहावी) संपवणारी मुलं शेवटच्या दिवशी एकमेकांच्या शर्टांवर सह्या घेतात. कुणी मार्कर तुमच्याकडे केला तर सही करा, मजकूर मात्र जपून.

जुन्या मुलांची पत्रं, निरोप समारंभाचे फोटो जरूर आणा, पण घरी ठेवा. मुलाखतीत किंवा वर्गाच्या भिंतीवर मुलांचे चेहरे दाखवू नका. स्वतःच्या मोबाईलवर तिथल्या विद्यार्थ्यांचे फोटो काढायचे नाहीत, समाजमाध्यमांवर त्यांची विनंती स्वीकारायची नाही. तुमच्या जुन्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला हरकत नाही. फेसबुक प्रोफाइल तेवढं येण्याआधीच बंदिस्त करा. नव्या बाईंचं नाव मुलं पहिल्याच संध्याकाळी शोधतात.