पर्मनंट नोकरी सोडून गेम खेळायचं म्हणतो, काय करू मॅडम?

मागच्या दीडेक वर्षात हा प्रश्न नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा आलाय की आता फोनवर आईचा दबका आवाज ऐकला की मला अंदाज येतो. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, घरी स्थळं बघणं सुरू, आणि एक दिवस जेवताजेवता तो म्हणतो मी राजीनामा देतोय, मला प्रो प्लेयर व्हायचंय. घरच्यांना वाटतं पोरगं हातचं गेलं, पोराला वाटतं यांना काही कळतच नाही, आणि दोन्ही बाजू मला येऊन एकच विचारतात, सोडावी का नाही? त्यातलीच एक केस लिहितेय. घरच्यांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव मुद्दाम देत नाही.

2025 चा मे महिना. आई-बाबा दोघंच आले आधी, मानेवाड्याकडून, भर दुपारी. बाबांनी बसायच्या आधी पिशवीतनं प्लास्टिकची फाइल काढली आणि टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवली. मुलाचं बँकेतलं अपॉइंटमेंट लेटर, लॅमिनेट केलेलं.

"हे पाहा मॅडम. या कागदासाठी पोरं तीन-तीन वर्षं लायब्ररीत बसून राहतात. मी स्वतः 11 वर्षं रोजंदारीवर होतो. 11 वर्षं. पर्मनंट काय असते ते याले नाही समजत."

आईंचं वेगळंच. "रात्री दोन वाजता उठली तरी दाराखालून उजेड दिसते. मी दार वाजवत नाही, नुसती उभी राहते."

मुलगा 26 चा, सरकारी बँकेत क्लार्क, कॅश काउंटरवर. बीजीएमआय खेळतो, म्हणजे पूर्वीच्या पबजीचा भारतातला अवतार. खरं सांगते, त्या दिवशी माझ्या डोक्यातही व्यसन हाच शब्द आला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये गेमिंग डिसऑर्डरला आजारांच्या यादीत घेतलं, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, त्यामुळे आता लोक सरसकट तो शिक्का मारतात. पण त्यात तीन गोष्टी बघायच्या असतात. खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्या आयुष्यापेक्षा गेम वर गेलाय का, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का. आणि हे सगळं साधारण वर्षभर दिसलं पाहिजे. नुसतं खूप खेळतो म्हणून डिसऑर्डर होत नाही.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी तो एकटा आला, बँकेला सुट्टी असते म्हणून. मी म्हटलं तू खेळतोस कसं ते मला सांग, मला यातलं फार कळत नाही. तर त्यानं बॅगेतनं 200 पानी वही काढली. डाव्या पानावर एरँगेलचा, म्हणजे गेममधल्या बेटाचा नकाशा पेनानं काढलेला, त्यावर झोनचे गोल, बाण, पोचिंकी नावाच्या गावाच्या बाजूला फुली. उजव्या पानावर तारीख, कितव्या नंबरवर आलो, किती फिनिश (म्हणजे समोरचे किती जण बाद केले), आणि खाली एक ओळ: "उशिरा निघालो, गाडी एकच होती, मी कॉल बदलायला पाहिजे होता, चूक माझी." मी पानं उलटत गेले, जवळजवळ प्रत्येक पानावर अशी एक ओळ, आणि दुसऱ्याच्या नावावर फार कमी वेळा. तो टीमचा आयजीएल होता, म्हणजे मॅचमध्ये कुठं जायचं, कधी भिडायचं, कधी लपायचं हे बाकी तिघांना सांगणारा.

मग नागपूरच्या उन्हाळ्यात खेळायचं कसं हेही त्यानं सांगितलं आणि मला ते फार आवडलं. 45 डिग्रीला फोन तापतो, गेम अडकायला लागतो, म्हणून फोनच्या पाठीला छोटा फॅन लावायचा. कूलरसमोर बसलं तर हवा दमट होते, अंगठे स्क्रीनवर चिकटतात, आणि कूलरपासून लांब बसलं तर घामानं चिकटतातच. म्हणून अंगठ्यावर कापडी स्लीव्ह आणि शेजारी आईच्या पावडरचा डबा. आईला वाटत होतं पोरगा आजकाल पावडर फार लावतो!

बँकेत हजेरी पूर्ण. ड्युटीवर गेम उघडत नाही. परीक्षेसारखं वेळापत्रक. झोप मात्र पाच तासांच्या खाली गेलेली, तिथं मी त्याला स्पष्ट बोलले. पण व्यसन नव्हतं हे, मेहनत होती, आणि हे मी आई-बाबांनाही तसंच सांगितलं. बाबांना पटलं नाही.

इथं थांबले असते तर केस सोपी होती, मेहनती मुलगा आहे, स्वप्न आहे, घरच्यांनी साथ द्यावी वगैरे. पण मी सहज विचारलं, नोकरी सोडावीशी कधीपासून वाटतंय? म्हणाला, दिवाळीपासून. गेम तर तू कॉलेजपासून खेळतोस, मग दिवाळीत काय झालं?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूहळू आलं. 2024 च्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काउंटरवर प्रचंड गर्दी, संध्याकाळी कॅश टॅली करताना 9,500 रुपये कमी. तीनदा मोजलं. बाकीचे निघून गेले, हा मोजत बसला. शेवटी स्वतःच्या खिशातनं भरले, घरी कुणाला सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच, कारण ज्या माणसानं 11 वर्षं त्या पर्मनंट शब्दाची वाट पाहिली त्याला कसं सांगायचं की मला हे जमत नाहीये. तेव्हापासून रोज साडेचार वाजले की नोटा मोजताना त्याचा हात थरथरायचा. त्यानं मला हात पुढं करून दाखवला, तेव्हाही बोटं किंचित हलत होती.

"गेममध्ये नाही थरथरत मॅम. समोर चार जण असले तरी नाही."

मला वाटतं या सगळ्या केसेसमध्ये खरा प्रश्न इथं असतो. एक असते ओढ आणि एक असते सुटका. दोन्ही एकाच वाक्यात बोलल्या जातात, मला नोकरी सोडून गेमिंग करायचंय, आणि बोलणाऱ्यालाही कळत नाही की त्यातलं किती काय आहे. ओढ असेल तर वाट शोधता येते. सुटका हवी असेल तर राजीनाम्यानं ती मिळत नाही, कारण उद्या टीममध्येही हरणं आहे, हजारो लोकांसमोर लाइव्ह चूक करणं आहे, चॅटमध्ये शिव्या आहेत, आणि तीच भीती तिथंही गाठते. म्हणून मी राजीनाम्याचा विषय दोन महिने बाजूला ठेवायला सांगितला आणि आम्ही आधी त्या साडेचारच्या थरथरीवर काम केलं. श्वासाचं, मोजायची पद्धत बदलण्याचं, गर्दीच्या दिवशी मधेच एकदा कॅश जुळवून घेण्याचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे घरी सांगण्याचं.

सांगितलं त्यानं, माझ्याच खोलीत. बाबा आधी गप्प. फाइलवर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "मले सांगायचं नं बे." एवढंच. आईंनी रडून घेतलं.

जुलैअखेर थरथर बरीच कमी झाली होती. मग मी विचारलं, आता बँकेत सगळं ठीक असेल तरी तुला जायचंय का? मला वाटलं होतं नाही म्हणेल. तो म्हणाला, हो, पण आता घाई नाहीये.

तोवर नागपुरात दिव्या देशमुखचं नाव घरोघरी झालेलं, 28 जुलैला तिनं बुद्धिबळाचा महिला वर्ल्डकप जिंकला आणि ग्रँडमास्टरही झाली. बाबा म्हणाले तसं काही असतं तर मी नाही म्हटलं असतं का? आणि मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नाही. बुद्धिबळात रेटिंग असतं, पोर कुठं उभं आहे ते आकड्यात दिसतं. बीजीएमआयमध्ये पोरं कॉन्करर ही सगळ्यात वरची रँक दाखवतात आणि घरच्यांना वाटतं हा आता देशात पहिला. पण ती रँक घरबसल्या अनोळखी लोकांशी खेळून मिळते. खरं माप म्हणजे चांगल्या टीमांच्या विरुद्ध रोजच्या स्क्रिममध्ये, म्हणजे सरावाच्या मॅचमध्ये, आणि टूर्नामेंटमध्ये महिनोन्‌महिने कितवा नंबर येतो. ते त्याच्या वहीत होतं. आम्ही तिघांनी बसून तीन महिन्यांची सरासरी काढली, बाबांनी स्वतः बेरीज केली. 16 टीमांत साधारण नववा. तो स्वतःच म्हणाला, मला पाचवा वाटत होता.

ऑगस्टमध्ये बाबा पेपरचं कात्रण घेऊन आले. कायदा आला, ऑनलाइन गेम बंद, आता तर विषयच संपला. हा गोंधळ अजूनही खूप घरांत आहे. 2025 च्या त्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमना, उलट खेळ म्हणून मान्यता दिली, आणि त्याआधीच डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे आलं होतं. तेव्हा तुमचा मुलगा पैसे लावून रमी खेळतोय का टीममध्ये स्पर्धा खेळतोय हे आधी नीट विचारा, पैसे लावत असेल तर ती वेगळी आणि जास्त तातडीची गोष्ट आहे, ताबडतोब कुणाला तरी दाखवा.

पण बाबांच्या भीतीत एक गोष्ट खरी होती आणि ती मी मुलाला सोडून दिली नाही. पबजी 2 सप्टेंबर 2020 ला बंद झाला. बीजीएमआय जुलै 2021 मध्ये आला, 2022 च्या जुलैत स्टोअरवरून गेला आणि 2023 च्या मे मध्ये परत आला. क्रिकेट असं कुणी दहा महिने बंद करू शकत नाही, इथं अख्खं मैदानच एका कंपनीच्या मालकीचं आहे. ज्यांना तेव्हा पगार देणारी टीम नव्हती, यूट्यूब नव्हतं, त्यांनी काय केलं असेल? आणि बक्षिसाचं बोलायचं तर मोठ्या सिरीजचं एकूण बक्षीस कोटींत, ऐकायला भारी वाटतं, पण हजारो टीम उतरतात, फायनलला 16 पोचतात, मोठा वाटा वरच्या दोन-तीन टीमांना जातो, त्यातून ऑर्गचा, म्हणजे टीम चालवणाऱ्या कंपनीचा हिस्सा, कोच, टॅक्स, मग उरलेलं चार-पाच जणांत.

नोव्हेंबरमध्ये फेकर या कोरियन खेळाडूनं सहाव्यांदा लीग ऑफ लेजंड्स या गेमचं जगज्जेतेपद जिंकलं, तर हा मला म्हणतो, मॅम तो 29 चा आहे, वय कुठं आडवं येतंय. मी म्हटलं हो, पण 2013 ला पहिल्यांदा जिंकला तेव्हा तो 17 चा होता आणि तेव्हापासून पूर्णवेळ तेच करतोय. तू 26 ला सुरू करतोयस, हातात जबाबदाऱ्या घेऊन. त्याला वाईट वाटलं असेल, पण ते न बोलणं मला जमलं नसतं.

आणखी एक वय आम्ही काढून बघितलं, परतीचं. बँक क्लार्कच्या परीक्षेला खुल्या गटात 28 पर्यंतच बसता येतं, ओबीसीला आणखी 3 वर्षं. त्याच्यासाठी म्हणजे दोन वर्षं. सोडलीच तर कोणत्या महिन्यापर्यंत परत फॉर्म भरता येईल हे माहीत नसताना सोडायची नाही, एवढं तरी सगळ्यांना पटलं.

मग ठरलं ते वहीच्या शेवटच्या पानावर बाबांच्या अक्षरात आहे, अक्षर त्यांचं छान आहे. नोकरी चालू. स्क्रिम रात्री 8 ते 11, साडेबाराला फोन हॉलमध्ये. घरी दर महिन्याला 15,000 देतो ते देत राहायचं, शिवाय वर्षभराचे तेवढे पैसे वेगळे जमवायचे. सरासरी पाचव्या नंबरापर्यंत आली किंवा कुणी लेखी पगार देऊन घेतलं तरच राजीनाम्याचं बोलायचं. आणि तोवर जेवताना घरात कुणीही हा विषय काढायचा नाही, ही आईंची अट. सगळ्यात जास्त मोडली गेलेली अटही हीच, बाबांकडून.

डिसेंबरमध्ये त्यांची टीम एका क्वालिफायरच्या दुसऱ्या राउंडला बाहेर पडली. आईंनी मला नंतर सांगितलं, त्या रात्री परत दाराखाली उजेड दिसला, या वेळी त्यांनी दार वाजवलं. फोन हॉलमध्येच होता. तो वहीत लिहीत होता. त्या शेजारी बसल्या आणि त्यानं त्यांना नकाशा समजावून सांगितला, कुठून निघायला पाहिजे होतं ते. त्यांना काही कळलं नाही म्हणाल्या, पण अर्धा तास बसल्या.

सध्या तो बँकेतच आहे. सरासरी सातवा. बाबा अजूनही मला फोन करून विचारतात, मॅडम याचं डोकं फिरणार तर नाही ना परत, आणि मी त्यांना प्रत्येक वेळी तेच सांगते की मला माहीत नाही, पण आता तो तुम्हाला सांगेल. मागच्या आठवड्यात एका ऑर्गनं त्याला विचारलंय, खेळायला नाही तर कोचच्या हाताखाली ॲनालिस्ट म्हणून, वहीतली काही पानं त्यानं टीमच्या ग्रुपवर टाकली होती ती कुणीतरी पुढं पाठवली. कॉन्ट्रॅक्टमध्ये पगार लिहिलाय, पण दोन वर्षं दुसऱ्या टीमचं काम करता येणार नाही असंही लिहिलंय आणि मधेच त्यांनी काढलं तर काय ते कुठंच नाही. मी म्हटलं आधी वकिलाला दाखव, मग दुसऱ्या शनिवारी तिघं या.